थिजलेलं खोबरेल
थंडीत सकाळी खोबरेलाची शिशी थिजलेली दिसली की मला कणकवलीची ती नेमबाजीची निवड-चाचणी आठवते. माझ्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचा चाप खरखरतो, हे गाऱ्हाणं मी घरी रोज गात होते. त्या सकाळी रेंजवर दव होतं, शेजारच्या काजूच्या बागेत कुणीतरी पाचोळा जाळत होतं. सरावासाठी चाप दाबला, तर तो चिखलात रुतलेल्या पायासारखा अडखळत मागे आला आणि गोळी भलतीकडेच गेली. स्प्रिंग मेली, आता कसली निवड, म्हणून मी रडकुंडीला आले. आमच्या प्रशिक्षक सरांनी पिस्तूल रिकामं करून उघडलं, आतला पांढरा थर बोटावर घेऊन हुंगला आणि खदाखदा हसले. "अगो, ह्या खोबरेल! तेल लावलंस, आता वेणी पण घाल पिस्तुलाक!" मी तिथूनच आईला फोन लावला. दाराच्या बिजागऱ्या, कुलपं, शिलाई मशीन, आमच्याकडे सगळ्यांना तेच तेल. आदल्या दिवशी पुसायला उघडलेल्या पिस्तुलातही तिने ते सोडलं होतं. "ह्याच तेलान तुझे केस कमरेपर्यंत इले," ती म्हणाली, "त्या पिस्तुलाक काय धाड भरली?" सरांनी सगळं पुसून काढलं. तेलाबरोबर आतला जुना मळही निघाला आणि चाप कधी नव्हे इतका मऊ चालला. माझी निवड झाली. श्रेय आईने घेतलं, ते अजून सोडलेलं नाही. आजही मी शिशी उन्हात ठेवते, आणि तेल वितळताना बघत माझं बोट आपोआप, अगदी सावकाश, मागे येतं.