फुकटचा बेस

बेसबॉलमधला एक नियम क्रिकेटवर वाढलेल्या माणसाच्या कधी पचनी पडत नाही. पिचरने चार वाईट बॉल टाकले आणि बॅटरने मोहात न पडता ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस, म्हणजे रन काढायच्या चार टप्प्यांतला पहिला टप्पा, बहाल होतो. बॅट खाली टाकायची आणि चालत जायचं. याला वॉक म्हणतात. आमच्या घरात त्याला ‘फुकटचा बेस’ म्हणायचे, आणि ते नाव कोणी पाडलं हे मला चांगलं आठवतं.

घर अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं. २००३ साली मी तिथे शिकायला गेलो तेव्हा दोन खोल्यांत आम्ही तिघं मराठी विद्यार्थी राहायला लागलो. एक पुण्याचा, एक मुंबईचा आणि मी नागपूरचा. एकमेकांना पुणेकर, मुंबईकर, नागपूरकर अशाच हाका मारायचो. पहिल्याच दिवशी पुणेकराने संत्रा बर्फीचा डबा उघडला आणि पहिली वडी माझ्या हातावर ठेवली. “माझी आई नागपूरची, धरमपेठेतली. म्हणजे मी अर्धा नागपूरचाच. तू नागपुरात कुठे?”

मी म्हटलं, इंदोरा.

आमच्याकडे गाव विचारून झालं की वस्ती विचारतात, वस्तीवरून काही कळलं नाही तर आडनाव. इंदोरा म्हटल्यावर आडनाव विचारायची गरज उरत नाही. त्याने डब्याचं झाकण लावलं आणि हवेबद्दल बोलायला लागला. संध्याकाळी मी माझ्या टेबलावर निळ्या कोटातला फोटो लावला. लपवायचं काय होतं?

बेसबॉलचा नाद आम्हाला लॅबमधल्या पोरांनी लावला. दरवर्षी सप्टेंबर उजाडला की आमच्याकडे एकच विषय, यंदाचा एमव्हीपी कोण. म्हणजे सीझनमधला सर्वात मोलाचा खेळाडू. तो पत्रकार मतं देऊन निवडतात. आमचं मत कोणी मागितलेलं नव्हतं, पण म्हणून मराठी माणूस भांडायचं थोडंच सोडतो! नोव्हेंबरात निकाल लागायचा आणि ज्याचा अंदाज चुकला त्याने आठवडाभर भांडी घासायची.

मुंबईकराचं म्हणणं साधं होतं. “टीम हरली तर कसला व्हॅल्युएबल? घरी बसव त्याला.” पुणेकराचा एकच हेका. “टीम गेली खड्ड्यात. ज्याने मारलं त्याला द्या. अवॉर्ड मेरिटवरच मिळायला पाहिजे.” मेरिट हा शब्द तो असा उच्चारायचा की जणू काही तो त्याच्याच घरात जन्माला आला होता. मी म्हणायचो, जो सहजासहजी आउट होत नाही तो मोलाचा, त्याचे वॉकही मोजा. यावर दोघंही हसायचे. वॉक म्हणजे वाइड बॉल, आणि वाइडचा रन बॅट्समनच्या नावावर कधी लागतो का?

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही कॅम्पसवरच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये टीम उतरवली. सगळी देशी पोरं. प्रत्येकाला सिक्सरच मारायची होती. डोक्यावरून जाणाऱ्या बॉलवरही बॅट फिरवायचे आणि मान खाली घालून परत यायचे. मी पहिला बॅटर. मी वाईट बॉल सोडायचो. पिचर चिडायचा, आमच्याच बाकावरून “स्विंग कर ना, यार!” म्हणून ओरडा व्हायचा, मी हलायचो नाही. डिवचायला टाकलेला बॉल सोडून द्यायचा सराव मला शाळेपासून होता. मग बेसवर जाऊन उभा राहायचो आणि मागच्याने मारलं की पळत घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, यायचो; तेव्हाच रन लागतो. त्या उन्हाळ्यात आमच्या टीममध्ये माझ्याइतक्या वेळा घरी कोणी आलं नाही. पुणेकर मात्र स्कोअर क्रिकेटसारखा ठेवायचा. माझे सगळे वॉक ‘एक्स्ट्रा’च्या रकान्यात.

ऑगस्टच्या शेवटी नदीकाठच्या पार्कमध्ये पिकनिक झाली. गावातलं एक मराठी जोडपं आम्हा विद्यार्थ्यांना सणावाराला जेवायला बोलवायचं, ते काका-काकूही आले होते. काकांनी एक कोरी करकरीत लाकडी बॅट आणली होती. तिच्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. “चला, आता तुमचा एमव्हीपी ठरवा,” काका म्हणाले.

मला ती बॅट हवी होती. आज हसू येईल, पण त्या दिवशी जीव अडकला होता तिच्यात. जन्मभर जे मिळवलं त्याच्यामागे कोणीतरी हळूच एक ‘पण’ जोडत आलं होतं. इथे ना कुठली यादी होती ना कुठला कोटा. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मैदानावर झालेली गोष्ट होती. इथे तरी ‘पण’ लागणार नाही असं मला वाटलं.

नावं दोनच होती, मी आणि पुणेकर. काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अरे, सगळ्यात जास्त वेळा घरी तर हाच आला ना?”

“आला, काकू, पण आणला कोणी? मी मारलं म्हणून आला,” पुणेकर म्हणाला. “हा नुसता चालत गेला होता. फुकट.”

“फुकट नाही,” मी म्हटलं. “बॉल वाईट आहे हे ओळखावं लागतं. तू ओळखत नाहीस म्हणून आउट होतोस.”

काही जण हसले. ते त्याला झोंबलं असावं. तोही हसत हसतच म्हणाला, “असू दे रे. तुम्हा लोकांची अख्खी सिस्टिमच तशी आहे. सुरुवात फुकटच्या बेसवरून, आणि वर मेरिटच्या गप्पा.”

मक्याची कणसं भाजणारे काका निखाऱ्यांकडे बघायला लागले. काकूंनी मठ्ठा कोणाला हवाय ते विचारलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या परीक्षेचे मार्क घेऊन तो इथे आला त्याच परीक्षेचे मीही घेऊन आलो होतो, ज्या फेलोशिपसाठी आम्ही दोघांनी अर्ज केला ती मला मिळाली होती. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण पिकनिकला आलेल्या माणसाने आपली मार्कलिस्ट का वाचून दाखवावी? त्याची तर कोणी मागितली नव्हती.

मतं हात वर करून झाली. मुंबईकराने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुणेकरासाठी हात वर केला. काकू म्हणाल्या, आम्ही काय बाबा, पाहुणे. बॅट पुणेकराला मिळाली आणि आमच्याच घरात, चपलांच्या स्टँडजवळ, भिंतीला टेकून उभी राहिली. येता-जाता दिसायची.

पुढे सीझन संपता संपता पुणेकर वेबसाइट वाचायला लागला. कोणी कोणी गणितं मांडून वॉकची किंमत सिद्ध केली होती. नोव्हेंबरात निकाल लागला आणि अवॉर्ड गेलं अशाच एका शांत, बॉल सोडणाऱ्या बॅटरला. भांडी मुंबईकराच्या नशिबी आली. पुणेकराने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि मला समजावून सांगायला बसला.

“हे बघ. वॉक हे स्किल आहे, यार. डोळा लागतो, पेशन्स लागतो. पब्लिकला कळतच नाही, त्यांना वाटतं फुकट मिळालं.”

तो मनापासून सांगत होता, हेच मला सहन होईना. त्याला खरंच काही आठवत नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग आपल्या पिकनिकचं काय? ती बॅट?”

“तू अजून ते धरून बसलायस?” तो चकित झाला. “टाइमपास होता रे तो. तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता.”

“आम्ही लोक म्हणजे कोण?”

मुंबईकराने टीव्हीचा आवाज बंद केला. पुणेकराची नजर माझ्या टेबलाकडे गेली, फोटोपाशी थबकली आणि परत लॅपटॉपवर आली.

“नागपूरवाले रे,” तो म्हणाला. “सगळे नागपूरवाले असलेच. हट्टी.”

मुंबईकर सुटल्यासारखा हसला आणि त्याने आवाज पुन्हा वाढवला. पुणेकराची आई नागपूरची आहे, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं.