गुंडीचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स

नांदेडहून लातूरला जायचं ठरवलं ते गुंडीसाठी. गुंडी म्हणजे माझ्या बायकोने, सुषमाने, लातूरच्या एका क्लाससाठी तयार केलेली कार्टून मुलगी. विज्ञानाच्या व्हिडिओंमधून ती शिकवायची. सुषमा शाळेत चित्रकलेची शिक्षिका होती. मागच्या वर्षी गेली. शेवटच्या धड्याची चित्रं तिने दवाखान्यात पूर्ण केली, ती क्लासला द्यायची राहिली होती. टपालाने पाठवता आली असती. पण तो धडा निघणार, हे मला समोर बसून ऐकायचं होतं.

सकाळची एसटी पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता आहे, दुपारपर्यंत पोचतो. अहमदपूरला भजी खाल्ली. तेल जुनं होतं, घरून डबा न्यावा. शेजारच्या मावशींनी विचारलं, "लेकराला क्लास लावायला चाललाव का?"

"नाही."

"मग लातूरला काय काम?"

मी चित्रांची फाईल मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

गुंडीला बनवायला सुषमाला दोन महिने लागले. आधी ती मुलीची आकृती पूर्ण काळी भरायची आणि मला लांबून दाखवायची. नुसत्या सावलीवरून ओळखू आली नाही तर कागद फाडायची. शेवटी एक वेणी सुटलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली आणि कायम पुढे झुकलेली मुलगी तयार झाली. झुकलेली का, तर तिला सारखं काहीतरी विचारायचं असतं. "गोड चेहरे कुणीपण काढतं, तिला काय पाहिजे ते दिसलं पाहिजे," असं सुषमा म्हणायची.

स्टँडपासून क्लासपर्यंत शेअर ऑटो मिळते. वाटेत सगळीकडे पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. क्लासच्या फलकावर गुंडी नव्हती. निळा झगा घातलेला, दात दाखवणारा रोबोट होता. असे रोबोट वह्यांच्या पुठ्ठ्यांवर असतात.

क्लास चालवणाऱ्या सरांनी चहा मागवला. "मॅडम गेल्याचं कळलं तवा आम्ही चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला ना, काका. मॅडमचा फोटो नव्हता. दुःखात तुम्हाला कुठं फोटो मागावा? म्हणून गुंडीचाच लावला. हार घालून."

"लई भारी झालता फ्लेक्स," बाजूचा क्लार्क म्हणाला. "लोक गाडी थांबवून बघत होते."

"पण मग पालकांचे फोन सुरू झाले," सर म्हणाले. "मेलेल्या पोरीचं चित्र परीक्षेच्या तोंडावर कशाला दाखवता, म्हणले. गुंडीचे व्हिडिओ बंद करावे लागले."

"गेली ती माझी बायको. गुंडी चित्र आहे."

"आपल्याला कळतंय हो. पब्लिकला कोण समजावणार?"

मी फाईल पुढे केली. त्यांनी दोन पानं उलटली, छान आहेत म्हणाले आणि परत दिली. चहा संपवून मी उठलो.

जिन्यात पाणी भरणाऱ्या एका मुलीने फाईलवरचं चित्र पाहिलं. "गुंडी हाय ना ही? काका, तुम्ही तिचे कोण?"

"घरचा."

"काय झालतं तिला?"

"कॅन्सर."

"लई दुखायचं का?"

"हो."

"व्हिडिओत तर कधी कळलंच न्हाई," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावत राहिली.

रात्रीच्या आत नांदेडला परत आलो. एका दिवसात होणारा प्रवास आहे, मुक्कामाची गरज नाही. जिन्यातल्या त्या मुलीने केली एवढी विचारपूस सुषमाच्या शाळेतल्या कुणी केली नव्हती, नातेवाइकांनी तर नाहीच. तिने मुलगी अशी काढली की लोकांना ती खरीच मेली असं वाटलं. काढणारीचं काय झालं, ते कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

चित्रं कपाटात ठेवली. फ्लेक्सवर सुषमाचं नाव तरी होतं का, हे विचारायचं राहून गेलं. क्लासचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.