चार नंबरच्या दारावरचं फडकं

मळवलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला गुलाबाची एक मोठी शेती आहे. प्लॅस्टिकच्या छताची ओळीनं उभी पॉलिहाऊसं, मधोमध फुलं निवडायचा हॉल, त्याला लागून कोल्डरूम. त्या जमिनीतला एक तुकडा हौशीराम केदारीचा. पूर्वी तिथं भात व्हायचा. कंपनीनं जमीन भाड्यानं घेतली तेव्हा हौशीरामला सुपरवायझरची नोकरी मिळाली, आणि लहानपणी ज्या बांधावर तो खेकडे धरायचा, त्याच बांधावरून तो गळ्यात ओळखपत्र घालून फिरू लागला.

माणूस सरळ आणि वेळेचा. बायांना अरेतुरे करायचा नाही. फुलं तोडणाऱ्या बाया बहुतेक वरच्या ठाकरवाडीतल्या, दिवस उजाडायच्या आत डोंगर उतरून येणाऱ्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी सावित्राबाई. तिला तो मावशी म्हणायचा. तिची सून आरती हाताची फार चलाख. तिनं कापलेल्या दांड्या न मोजता बंच बांधला तरी एक कमी-जास्त निघायची नाही.

फवारणी झाली की औषधाचा अंमल उतरेपर्यंत पॉलिहाऊसमध्ये माणसानं जायचं नसतं. त्यासाठी कंपनीनं दारावर टांगायच्या पाट्या दिल्या होत्या. वर इंग्रजी मजकूर, खाली कवटी. बाया त्या चित्राला हसायच्या.

"ह्यो कोन? राजेंद्र सायबाचा फोटू का?" सावित्राबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. राजेंद्र साहेब म्हणजे मॅनेजर; अंगानं काटकुळा माणूस.

पाट्या वाचता येत नाहीत म्हटल्यावर हौशीरामनंच तोड काढली. बायको विठाबाईचं जुनं लाल लुगडं घरून आणलं, त्याचे हातभर तुकडे केले आणि बायांना एकच गोष्ट सांगितली. "फडकं हाय तवर आत पाय टाकायचा न्हाई. मी काढीन, तवाच जायचं."

हे त्यांना पटलं. परदेशातून तपासणीला आलेल्या पहिल्या माणसालाही पटलं. त्यानं फडक्याचा फोटो काढून नेला. विठाबाई शेजारणींना सांगत फिरली, "माझं लुगडं जर्मनीला पोचलं, मी अजून लोणावळ्याच्या पुढं गेले न्हाई."

हौशीरामला त्या फडक्याचा अभिमान होता. पुढं जे झालं ते म्हणूनच त्याला जास्त लागलं.

जानेवारीचे शेवटचे दिवस म्हणजे गुलाबवाल्यांचा हंगाम. फेब्रुवारीच्या मध्याला युरोपात फुलं पोचायची असतात, आणि कळी मिटलेली असेल तरच विमानात जाते; उमलली की ती पुण्याच्या बाजारात. यंदा थंडी लवकर सरली होती. चार नंबरच्या पॉलिहाऊसमध्ये आदल्या संध्याकाळी फवारणी झालेली, दारावर फडकं लटकलेलं, आणि आतल्या कळ्या उन्हानं सैल पडायला लागलेल्या. राजेंद्र साहेबांचा फोन आला.

"हौशीराम, पेट्या कमी पडतायत. दुपारी गाडी निघणार. चार नंबरचं काय करता?"

"सायेब, फवारलंय तिथं."

"ते आलं लक्षात. मी तुम्हाला जा म्हणत नाही. तुम्ही जागेवर आहात, तुम्हीच बघा."

फोन ठेवून हौशीराम चार नंबरच्या दाराशी गेला. जाळीतून कळ्या बघितल्या. मागच्या दोन हंगामांत अशीच घाई झाली होती, तेव्हाही फडकं वेळेआधी निघालं होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं. त्यानं गाठ सोडली, फडक्याची घडी केली आणि पँटच्या खिशात घातली.

समोर पत्र्याच्या छपराखाली बाया भाकरी खात बसल्या होत्या. आरतीनं भाकरीचा शेवटचा तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला, हात धुतले आणि दाराकडे बघितलं. फडकं नव्हतं. ती उठली, कात्री घेतली आणि आत गेली. तिच्यामागून बाकीच्या.

तासाभरात आरती बाहेर आली ती भिंतीला धरून. तोंडातून लाळ गळत होती. "भाऊ, डोळ्याम्होरं धुकं आलंय," म्हणाली आणि खाली बसली. बाकीच्यांनाही मळमळलं, पण आरती सगळ्यात पुढच्या वाफ्यावर होती. कंपनीच्या गाडीनं तिला दवाखान्यात नेलं. जीव वाचला. मात्र घरी आली ती हाताचा कंप घेऊनच. कात्री धरली की बोटं थरथरायची. पोराच्या सदऱ्याचं बटण लावायचं तर ते सावित्राबाईलाच लावावं लागायचं.

राजेंद्र साहेबांनी कागदावर लिहिलं की बाई उपाशीपोटी कामाला आली, तिला चक्कर आली. त्यामुळं पुढच्या इलाजाचा खर्च कंपनीकडं लागत नव्हता. हौशीराम तेव्हा समोर उभा होता. भाकरीचा तो शेवटचा तुकडा त्यानं स्वतः बघितला होता. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर विठाबाईनं ताट वाढलं तर म्हणाला, भूक नाही.

मार्चमध्ये नवी तपासणी ठरली. राजेंद्र साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. "तिकडं आता कायदाच झालाय. तिथला मोठा दुकानदार जे फूल विकतो, ते फूल तोडणाऱ्याचं इकडं काही वाईट झालं, तर त्याला तिकडं जाब द्यावा लागतो. माणसाचा हक्क म्हणतात त्याला. म्हणून तिकडून तपासणीच्या बाई येतायत. त्या एकेकीला विचारतील."

"दुकानदाराला जाब इचारला म्हंजी आमाला काय मिळतं?" सावित्राबाई म्हणाली.

"काम मिळतं, मावशी. नीट बोललात तर काम राहतं. नाहीतर ते दुसऱ्या देशातनं फुलं घेतील."

उत्तरं पाठ करून घ्यायचं काम हौशीरामकडं आलं. हातमोजे मिळतात का, मिळतात. मास्क मिळतो का, मिळतो. फवारल्यावर आत जावं लागतं का, न्हाई. बाया शाळेतल्यासारख्या एका सुरात म्हणायच्या आणि मग एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या. आरतीचं नाव कुणी काढलं नाही. हौशीरामला वाटायचं, एखादीनं काढावं.

तपासणीची बाई उंच, पिकल्या केसांची, पायात साध्या चपला घालून आलेली. तिच्याबरोबर दुभाषी म्हणून पुण्याची प्रेरणा नावाची मुलगी. दोघी आधी औषधाच्या खोलीत गेल्या. बाईनं एका डब्याचं लेबल वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

बाहेर आल्यावर प्रेरणा हळू आवाजात हौशीरामला म्हणाली, "काका, हे औषध त्यांच्या देशात वापरायला बंदी आहे. बनतं मात्र तिथंच."

हौशीरामला एकदम हलकं वाटलं. म्हणजे दोष एकट्याचा नाही, तो पार साता समुद्रापलीकडून आलेला आहे. पण डबा तिकडून आला असला तरी फडक्याची गाठ तिकडून कुणी सोडली नव्हती. आपल्याला हलकं वाटलं, याचीच त्याला मग लाज वाटली.

बायांशी बोलताना सुपरवायझरनं तिथं थांबायचं नाही, असा नियम. हौशीराम बाहेर बाकावर बसला. थोड्या वेळानं प्रेरणाच बाहेर आली. "काका, जरा येता का? त्या आजी फार भरभर बोलतात, मला निम्मं कळत नाहीये."

त्यानं नाही म्हणायला हवं होतं. तो गेला.

सावित्राबाईनं त्याला बघितलं आणि पदर सावरला. एका क्षणात ती बोलता बोलता थांबून पाठ केलेल्याकडं वळली, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"फवारणीनंतर लगेच आत जावं लागलं का कधी?" प्रेरणानं विचारलं.

"फडकं हाय तवर कुनी पाय टाकीत न्हाई. हौशीभाऊंनी घालून दिलेलं हाय." शब्द न् शब्द खरा होता.

"मग तुमच्या सुनेला काय झालं?"

सावित्राबाईनं हौशीरामकडं बघितलं नाही. "उपाशी आलती. भाकर खाल्ली न्हाई सकाळी."

प्रेरणानं त्याच्याकडं मान वळवली. "काय म्हणतात?"

"उपाशी होती, म्हणतात," हौशीराम म्हणाला.

परदेशी बाईनं लिहून घेतलं. मग ती प्रेरणाला काहीतरी म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. प्रेरणाही हसली. "काका, मॅडमना तुमचं फडकं फार आवडलंय. साधं, सगळ्यांना कळणारं. दुसऱ्या शेतांवर दाखवायला त्यांना फोटो हवाय. ते हातात धरून उभे राहाल का, चार नंबरच्या दारात?"

राजेंद्र साहेब स्वतः फडकं घेऊन आले. बाया हॉलच्या दाराशी गोळा झाल्या. कुणीतरी म्हणाली, "भाऊ, टोपी नीट करा की." हौशीराम दारात उभा राहिला. बाईनं मोबाइल वर केला. फडक्याच्या कडेला विठाबाईनं जुन्या काळी घातलेली टीप त्याच्या बोटाला लागली.

"पोरी," तो प्रेरणाला म्हणाला, "बाईंना थांबायला सांग."

"काय झालं, काका?"

"फडकं हाय तवर कुनी आत जात न्हाई, हे खरं हाय. पन त्या दिवशी फडकं मी काढलं होतं. येळ झाला नव्हता तरी काढलं. आन् आरती जेवून आलती. मी बघितलं होतं."

प्रेरणाला सांगायला वेळ लागला. बाईचा मोबाइल हळूहळू खाली आला. राजेंद्र साहेब रागावले नाहीत. ते मागं वळून कोल्डरूमकडं चालते झाले. दाराशी उभ्या बायांमधून सावित्राबाई तेवढी निघून गेली.

पुढचं सगळं रीतसर झालं. आरतीचा इलाज पुण्यात सुरू झाला, खर्च कंपनीचा. तो डबा औषधाच्या खोलीतून गेला. दारांना कुलपं बसली, ती ठरलेल्या वेळेआधी उघडतच नाहीत. हौशीरामला घरी बसवलं. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. पण तिकडच्या दुकानदारानं सगळं सुधारेपर्यंत निम्मी फुलं दुसरीकडून घ्यायचं ठरवलं. निम्म्या बायांचं काम थांबलं. ठाकरवाडीतल्या काही जणी लोणावळ्यात तुंगार्लीला बंगले झाडायला जाऊ लागल्या, जाण्यायेण्यातच त्यांचा दिवस मोडू लागला.

उन्हाळा सरता सरता हौशीराम वाडीवर गेला. माफी मागायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सावित्राबाई अंगणात काटक्या मोडत होती. तिनं बसा म्हटलं नाही. तो आपणच ओट्यावर टेकला.

"मावशी, चुकलं माजं."

"कवा चुकलं? फडकं काढलं तवा, का बाईला सांगितलं तवा?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी खोटं बोलले ते काय तुमच्यासाठी न्हाई," सावित्राबाई काटकी मोडत म्हणाली. "वाडीतल्या इतक्या बायांची चूल हाय. माझ्या सुनंचं बोललं तर सगळ्यांचं जातंय, म्हनून बोलले. तुमी एकदा तरी वर येऊन इचारायचं होतं, मावशी, काय करू म्हनून. न्हाई इचारलं. फडकं काढताना इचारलं न्हाई, आन् सांगतानाबी न्हाई. तुमच्या मनावरलं उतरलं, भाऊ. आमच्या डोक्यावर बसलं."

तिचं बोलणं हौशीरामला खोडता येत नव्हतं, आणि तरी आपण गप्प राहायला हवं होतं असंही म्हणता येत नव्हतं.

आत भांड्यांचा आवाज झाला. आरती चहा घेऊन आली. कप बशीत किणकिणत होता. सावित्राबाई उठायला लागली, तर आरती म्हणाली, "असू द्या, आत्याबाई. मीच देते." दोन्ही हातांनी बशी धरून ती त्याच्यापर्यंत आली. थोडा चहा बशीत सांडला, बाकी पोचला.

"डाक्टर काय म्हनत्यात?" त्यानं विचारलं.

"सुधरंल म्हनत्यात. हळूहळू." ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "भाऊ, एक इचारू का? लय दिस मनात हाय."

"इचार की."

"त्या दिशी फडकं काढलं, तवा तुमी आत गेलतात का? वास घ्यायला, बघायला?"

त्याला ती सकाळ जशीच्या तशी आठवली. जाळी, जाळीतून दिसणाऱ्या कळ्या, खिशात घातलेली घडी. दार ढकलावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. आणि का आलं नव्हतं, तेही त्याला माहीत होतं.

"न्हाई," हौशीराम म्हणाला. "मी दारातच हुतो."

आरतीनं मान हलवली. एवढंच तिला हवं होतं, असं वाटलं. मग म्हणाली, "च्या घ्या, गार हुतोय," आणि आत गेली.

हौशीरामनं चहा प्यायला. बशीतला सांडलेलाही प्यायला. मग कप ओट्यावर ठेवला. सावित्राबाई काटक्या मोडत होती. त्यानं पुढं सरकून तिच्या ढिगातली एक जाड काटकी उचलली आणि मोडायला घेतली. तिनं त्याला नको म्हटलं नाही, आणि घ्या असंही म्हटलं नाही.