कप्तानमामूंना खूण कोणी केली

कतारमध्ये त्या काळी माणसांपेक्षा काळे चष्मे जास्त होते. तिथल्या बकऱ्यासुद्धा चष्मा लावून चरतात, असं मी सुट्टीवर वसईला आलो की सांगायचो आणि निम्मी आळी ते खरं मानायची. कप्तानमामू मात्र उघड्या डोळ्यांनी विमान चालवायचे. ज्या उन्हात पत्र्यावर फोडलेलं अंडं तळून, करपून, वर माफीही मागायचं, त्या उन्हात हा माणूस डोळे किलकिले करून खाली बघत राहायचा. विचारलं तर म्हणायचे, "चष्म्यातनं जमीन दिसते, सावली दिसत नाय. आणि मला जमिनीचं काय करायचंय?"

मामू रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. बाप तांडेल, म्हणजे मचव्याचा कप्तान. बापानं समुद्रावर केलं तेच मामू वाळवंटावर करत. एका सर्वे कंपनीचं एका इंजिनाचं विमान घेऊन दूरदूरच्या कॅम्पांवर माणसं, टपाल, मशीनचे पार्ट पोचवायचे, एकदा तर चक्क न्हावी. धावपट्टी कसली, कडक जमीन दिसली की उतरायचं. मी त्यांच्या स्टोअरचा क्लार्क. मला ते थापाड्या म्हणत, आणि माझी थाप रंगात आली की मन लावून ऐकत.

त्यांचं 'मामू' हे नाव पाडलं सलीमनं. सलीम त्यांच्या धाकट्या बहिणीचा एकुलता मुलगा, तिशीचा मेकॅनिक, मामूंनीच व्हिसा काढून आणलेला. विमान परत आलं की तो पुढे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करायचा: पुढे या, डावीकडे, बस. त्याचं डावं कोपर कधी सरळ व्हायचं नाही, लहानपणी आंब्यावरून पडला होता. मॅनेजरचंही न ऐकणारे मामू त्या वाकड्या हाताचं निमूट ऐकायचे. म्हणायचे, "वर अल्लाचं ऐकतो, खाली सलीमचं."

आणखी एक हट्ट होता त्यांचा. बारा ते दोन उडायचं नाही. "त्या वेळी वाळवंटाला सावली नसते. ज्याला सावली नाय त्याच्याशी आपला संबंध नाय." मी हसायचो.

दोन हजार सालाच्या आसपासचा जून. कंपनीचं दुसरं विमान सकाळी दक्षिणेकडच्या कॅम्पला निघालं आणि पोचलंच नाही. आत दोघे: पायलट पिंटो आणि सलीम. पहिला दिवस सगळ्यांनी शोधण्यात घालवला, मामूंनीही अंधार पडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा तेच. बारा वाजता मामू उतरले आणि पंखाखाली जाऊन बसले. मॅनेजर ओरडला, तुमचा भाचा आहे तो, पाणी संपलं असेल. मामू शांतपणे म्हणाले, "आत्ता उडालो तर त्याच्या डोक्यावरनं जाईन आणि मला दिसणार नाय." मग ते दोन तास एका खडकाच्या बुडाशी नजर लावून बसले. सावली वीतभर बाहेर आली तसे उठले. "यल्ला, चल थापाड्या, बस."

दक्षिणेला सबखा आहे, मिठाची सपाटी. वरून कडक पापुद्रा, खाली चिखल. त्या दिवशी धुरळ्यानं आभाळही पांढरं झालं होतं. वर कुठलं, खाली कुठलं कळेना. विमान एका जागी टांगल्यासारखं वाटायला लागलं. मी, जो गप्प बसायचे पैसे मागतो, तासभर काचेला नाक लावून बसलो. खाली फक्त आमची सावली पळत होती. मग आणखी एक दिसली, ती पळत नव्हती. पंख, शेपूट, सगळं काळंभोर. विमान मात्र नाही. पांढरं विमान पांढऱ्या मिठात पार विरघळलं होतं.

आणि तिथून बऱ्याच अंतरावर एक माणूस उभा होता. दोन्ही हात हलवत होता. मदतीसाठी हलवतात तसे नाही. पुढे या, डावीकडे, अजून डावीकडे. एक हात वाकडा.

मी आनंदानं त्याच्या पायाशी नजर नेली, मामूंच्या सवयीनं, सावली शोधायला. मामू हळूच म्हणाले, "खाली नको बघू. हात बघ."

त्या हातांनी दाखवलं तिथं मामू उतरले. चाकांखाली मुरूम लागला, घट्ट. बाहेर आलो तर तिथं कोणी नव्हतं. मिठावरून चालत निघालो. पापुद्रा पापडासारखा मोडत होता, पाय पोटरीपर्यंत आत जात होते. आमचं विमान इथं उतरवलं असतं तर तेही रुतलं असतं.

पंखाच्या सावलीत पिंटो पडला होता, पाय मोडलेला, शुद्धीवर. त्याच्या शेजारी सलीम, तोंडावर त्याचाच शर्ट. पिंटो तुटक तुटक बोलला. काल दुपारी सलीम लोखंडी सळई घेऊन मिठावर फिरत राहिला, टोचून टोचून कडक जमीन शोधत. मामू येणार, त्यांना उतरायला जागा बघून ठेवतो म्हणाला. परत आला तो ताप घेऊनच. उरलेलं पाणी पिंटोला पाजलं. दिवस मावळायच्या आत गेला.

मामूंनी शर्ट उचलला, पुन्हा ठेवला आणि पिंटोला पाठीवर घेतलं. दुसरी खेप सलीमची केली. मला हात लावू दिला नाही.

रिपोर्टमध्ये एक रकाना होता: उतरताना जमिनीवरून मदत कोणी केली. मी पेन घेऊन बसलो. मामू म्हणाले, "जन्मात एकदा तुला खरं लिहायचा चान्स आलाय आणि कोण मानणार नाय. रिकामा सोड." मी सोडला.

मामू त्याच वर्षी गावी परत गेले, पुन्हा उडाले नाहीत. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळी ऑफिसच्या फोनपाशी. पलीकडे त्यांची बहीण. आवाज इतका मोठा की मलाही ऐकू येत होता. ती रडत नव्हती. तिनं एकच विचारलं, "भाय, तू पोचलास तवा तो होता?"

मामूंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"होता," ते म्हणाले. "उभा होता. मला त्यानंच उतरवला."