डोमाचं पान

माझ्या बाबांना दोन नावं होती आणि दोन्हींपैकी एकाही नावानं त्यांना झोप येत नसे. गावात ते डोमा. लाखांदूरच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या ऑफिसात तेजराम. आमच्या गावाहून लाखांदूर एसटीनं पाऊण तास. तेवढ्या वेळात बाबा बदलून दुसरेच होत आणि संध्याकाळच्या गाडीनं डोमा होऊन परत येत.

तेजराम हे माझे मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मी त्यांना पाहिलेलं नाही. एकाहत्तर सालच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, तीन दिवसांच्या तापानं ते गेले. सातवी पास होते, नोकरीसाठी नाव नोंदवून आले होते. बांध्यांमध्ये धानाची रोवणी अर्धी पडलेली, म्हणून आबाजी, बाबांचे वडील, मृत्यूची नोंद करायला गेले नाहीत. रोवणी आटोपली की जाऊ म्हणाले, मग निंदण आलं, मग कापणी आली आणि ते राहूनच गेलं. दिवाळीनंतर पोस्टमन तेजरामच्या नावाचं बोलावणं घेऊन दारात उभा राहिला. नहरावर चौकीदाराची जागा होती.

माझे आबाजी गोमाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो कागद दोन दिवस देवाजवळ ठेवला. तिसऱ्या दिवशी धाकट्या मुलाला बोलावून म्हणाले, "भावाची नोकरी घरी चालून आली हाय. वापस कायले पाठवाची? तू जाय." बाबांनी दुसरीतून शाळा सोडलेली. महिनाभर अंगणातल्या मातीत काडीनं 'तेजराम गोमाजी' एवढंच गिरवलं आणि भावाचा दाखला घेऊन गेले. दाखल्यावर तेव्हा फोटो नसायचा. बाबा नोकरीला लागले. आबाजी आता नाहीत, पण त्या कागदाची आठवण झाली की मला आजही त्यांचा राग येतो.

लाखांदूरच्या स्टँडवर गावातलं कोणी मागून "अरे डोमा!" म्हणून ओरडलं, तर बाबा वळून पाहत नसत. सरकारी नोकरी लागली अन् डोमा फुगला, असं लोक म्हणत. बाबा कसले फुगतात! भीतीनं त्यांची मान लाकडासारखी ताठ झालेली असायची.

मायची वेगळीच पंचाईत. गोदावरी तिचं नाव. चौऱ्याहत्तरला लग्न होऊन आली तेव्हा मोठे बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. पण भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, तो भासराच. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि भासऱ्याचं तर स्वप्नातही घेत नाही. आणि राशनच्या कार्डावर माय चक्क भासऱ्याची बायको! मला शाळेत घालायला नेलं, तेव्हा लाखनीहून बदलून आलेल्या गुरुजींनी विचारलं, "मुलीच्या वडिलांचं नाव?" मायनं पदर नाकापर्यंत ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि कसंबसं "तेजराम" म्हणाली. "नवऱ्याचं नाव घ्यायला एवढं काय लाजता, बाई?" गुरुजी हसले. घरी आल्यावर मायनं तीनदा चूळ भरली. मला वाटलं तिला मळमळतं आहे.

रात्री बाबा माणसं मोजत. कोणाकोणाला माहीत आहे, त्यांची मोजणी. खरं म्हणजे गावातल्या एकशे दहा घरांना सगळंच माहीत होतं. तेजरामला खांदा दिलेले लोक ते, त्यांच्यापासून काय लपणार? तरी बाबा मारुतीच्या पाराकडून सुरुवात करत आणि एकेक घर घेत पुढे जात. हा आपल्यावर नाराज तर नाही? त्याला आज आपण काही बोललो का? कोणाच्या घरी नवी सून आली की एक माणूस वाढलं. गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत मोजणी पोहोचली की शीव संपायची आणि मग कधीतरी त्यांचा डोळा लागायचा. हे त्यांनीच मला सांगितलं, मी मोठी झाल्यावर. लहानपणी मला फक्त अंधारात त्यांची खाट करकरताना ऐकू यायची.

असा माणूस गावात भांडेल कोणाशी? पंधरा पैशांच्या एका पोस्टकार्डानं नोकरी जाईल, वर तुरुंग. शेजारचे केवळराम दर उन्हाळ्यात आमचा धुरा, शेताचा बांध, हातभर कोरून आपल्या बांधीत घालत, बाबा पाहून न पाहिल्यासारखं करत. कोणी आमची बंडी मागून नेली आणि जू मोडून आणून दिलं, तरी बाबा "असू दे" म्हणत. लोक म्हणत, डोमासारखा देवमाणूस नाही. माय चुलीपुढे बसून पुटपुटायची, "देवमानूस कायचा, बांधला बैल हाय माहा." आणि ती म्हणायची ते खरं होतं.

त्र्याऐंशी साली मात्र बाबा एकदाच अडले. त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान पोटरीत आलेलं आणि पाणी फक्त नहराचं. पाण्याची पाळी लागली होती आणि आमच्या बाजूचं गेट बाबांच्या हातात होतं. केवळरामची पाळी संपली, तरी ते रात्री येऊन म्हणाले, "गेट राहू दे अजून एक दिवस." शेवटच्या टोकाला देवकाबाईची दीड एकराची बांधी होती, एकट्या बाईची. तिचं धान पिवळं पडत होतं. बाबा म्हणाले, "नाई जमत, भाऊ. देवकाबाईची पाळी हाय." केवळराम जायला वळले. मग हसून म्हणाले, "ठीक हाय, तेजराम." गावात त्यांना या नावानं कोणी कधी हाक मारली नव्हती.

देवकाबाईचं धान पिकलं. संक्रांतीनंतर ऑफिसात निनावी पोस्टकार्ड पोहोचलं आणि फाल्गुनात साहेबांची जीप आमच्या अंगणात आली.

साहेब खाटेवर बसले, मांडीवर फाईल. बाबा खाकी कपड्यात बाजूला उभे, त्यांचे ओठ पांढरे पडलेले. सारं गाव कुंपणाशी जमलं. साहेबांनी एकेकाला विचारलं. सगळे म्हणाले, "आमाले नाई मालूम, साहेब." गावावर मी पुष्कळ चिडते, पण त्या दिवशीचं गाव मी विसरणार नाही. मग साहेबांनी आजीला समोर बसवलं. पार्वताबाई माझी आजी, तेव्हा साठीच्या पुढची.

"मुलं किती तुम्हाला?"

"दोन होते."

"होते म्हणजे? एक वारला का?"

"हो."

"कोणता?"

आजीनं बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते. माय दाराआड माझा हात धरून उभी होती, तिची नखं माझ्या मनगटात रुतली.

"डोमा," आजी म्हणाली. "डोमा मेला, साहेब."

"कशानं?"

आजीनं सांगायला सुरुवात केली आणि मग ती थांबेचना. रोवणी चालू होती. तीन दिवस अंग तव्यासारखं तापलं. लाखांदूरला न्यायला बंडी जुंपली तर नाल्याला पूर. नाल्याच्या काठावरच बंडीत पोरानं पाणी मागितलं. ओंजळीनं पाजलं, ते गालावरून खाली गेलं. सगळं खरं होतं, एक नाव सोडून. नोकरीचा कागद आल्यापासून बारा वर्षं त्या बाईला थोरल्या पोरासाठी मोठ्यानं रडता आलं नव्हतं. कोणी ऐकलं तर काय, म्हणून आबाजींनी वर्षश्राद्धही होऊ दिलं नव्हतं. त्या दिवशी ती साहेबांपुढे ऊर बडवून रडली आणि हाका मारल्या त्या धाकट्याच्या नावानं, जो चार हातांवर उभा होता.

साहेबांनी चष्मा पुसला. कुंपणाशी केवळराम होते, त्यांना विचारलं, "खरं आहे?" केवळराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "बुढी म्हनते तसंच हाय." साहेबांनी कागदावर लिहिलं, माझा मुलगा डोमा मयत झाला आहे, आणि खाली आजीचा अंगठा घेतला. चहा पिऊन जीप गेली.

नोकरी वाचली. आजीची झोप मात्र गेली. जित्या लेकराला मेला म्हटलं, तेही अंगठा लावून, हे तिच्या मनातून जाईना. रात्रीतून दोनदा उठायची, चाचपडत बाबांच्या खाटेशी जायची आणि त्यांच्या नाकाखाली हात धरायची. बाबा जागेच असायचे.

"माय, मी आहो न."

"तू बोलला म्हनून मालूम पडते, बाबू. झोपला का मालूम नाई पडत."

म्हणून बाबा आजीचं पाऊल वाजलं की आधीच खाकरत. दोघंही जागी, एक मेलेला नाही हे सांगायला आणि एक ते ऐकायला. असा तो सारा उन्हाळा आणि पावसाळा गेला.

पितृपक्ष आला तेव्हा आजीनं हट्ट धरला. दरवर्षी आबाजींचं आणि त्यांच्या आईबापाचं पान टाकलं जाई, तेजरामचं कधी टाकलं नव्हतं. "मी माह्या तेजरामसाठी रडली, पन तुह्या नावानं," ती बाबांना म्हणाली. "आता त्याले त्याच्या नावानं जेवू घाल. घरचेच त आहो आपन, कोन आयकते?" बाबा दोन दिवसांनी हो म्हणाले. मला आठवतं, हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता. भावाचं नाव भावासाठी घ्यायला मिळणार होतं.

अमावास्येला मायनं उडदाचे वडे तळले, कढी केली, खीर केली. बाबा अंघोळ करून पळसाचं पान वाढून घेत होते, तेवढ्यात अंगणात सायकलची घंटी वाजली. ऑफिसचा शिपाई बाबुलाल. उद्या गेट बंद करायचं आहे, एवढा निरोप घेऊन तो पहिल्यांदाच आमच्या घरी आला होता. पितरांच्या दिवशी दारी आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवणार? बाबाच म्हणाले, "बस, जेवून जाय." बाबुलाल ओसरीवर पाटावर बसला. मायनं त्याला वाढलं.

बाबा शिडीनं छपराच्या कवेलूंवर चढले. पान ठेवलं, पाण्याची धार फिरवली. आता हाक मारायची होती. आजी अंगणात हात जोडून उभी, तोंड वर. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ओसरीवर वडा मोडणाऱ्या बाबुलालकडे. मग ते मोठ्यानं म्हणाले,

"डोमाभाऊ, जेवाले या!"

पिंपळावरून कावळा तत्काळ आला. इतर वर्षी तासभर वाट पाहावी लागायची. तो पानावर बसला आणि खिरीत चोच घातली. बाबा हातभर अंतरावर उकिडवे बसून आपलं जेवण जाताना पाहत राहिले. आजी मटकन खाली बसली.

माय स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात झारा तसाच. अंगणाच्या मधोमध उभी राहिली, डोक्यावरचा पदर घसरलेला, तो तिनं सावरलाही नाही. वर पाहून ती ओरडली,

"डोमाजी! उतरा खाली. तुमचा भात थंडा होऊन राहिला."

दहा वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचं नाव पहिल्यांदा घेतलं. शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू गेलं असेल. मला मायचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि इतकी भीतीही. बाबुलालचा हात पानावर थांबला. त्यानं मायकडे पाहिलं, वर बाबांकडे पाहिलं, मग मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, कढी वाढा जरा." जेवून, पानाला नमस्कार करून तो सायकलीवर बसून गेला. एक शब्द विचारला नाही.

रात्री बाबांनी मायला विचारलं, "काहून घेतलं माहं नाव त्याच्यापुढं?"

"मंग का करू?" माय म्हणाली. "तुमी कवेलूवर बसून सोताले मेला म्हनून हाका मारता. अन् मी खाली कुंकू लावून वडे तळू?"

आजीनं त्या रात्री उठून त्यांच्या नाकाखाली हात धरला नाही. सुनेनं डोमा म्हणून हाक मारली आणि पोरगा खाली उतरून जेवला, एवढं तिला पुरलं होतं. कितीतरी महिन्यांनी ती सकाळपर्यंत झोपली.

सोमवारी बाबा नेहमीच्या एसटीनं लाखांदूरला गेले. बाबुलालनं हजेरीचं रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाला, "सही करा, तेजरामभाऊ." नाव घेण्याआधी तो थोडा थांबला, एवढंच. बाबांनी सही केली.

त्या रात्री खाट पुन्हा करकरली. बाबा पाराकडून निघाले, एकशे दहा घरं झाली, नाला आला. पूर्वी मोजणी तिथं संपायची. आता ती नाला ओलांडून एसटीच्या रस्त्यानं लाखांदूरपर्यंत जायला लागली.