वाटा आहे, बारी नाही

माझी उभी हयात नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये गेली. त्यामुळे कागदाला किंमत कशी येते हे मला कोणी टाय लावून शिकवू नये. नोट या हातातून त्या हातात जाते म्हणून ती नोट. ती पेटीत घातली आणि पुन्हा कधी बाहेर काढायचीच नाही असं ठरवलं, तर तिच्यात आणि गेल्या वर्षीच्या पंचांगात फरक काय राहिला? हे माझं मत आधीपासून होतं. मल्हारीभाऊंच्या बाबतीत जे घडलं, त्यानंतर ते मी लोकांना थांबवून थांबवून ऐकवतो.

मल्हारीभाऊ नाशिकजवळच्या मखमलाबादचे. मळ्यात झेंडू, शेवंती, बांधाला थोडी मेथी-कोथिंबीर. रोज सकाळी जुन्या स्कूटीच्या दोन्ही बाजूंना पाट्या बांधून आमच्या इंदिरानगरात येतात. माझ्याकडे देवाची फुलं त्यांचीच. माणूस हट्टी. काल तोडलेलं फूल विकणार नाहीत. म्हणतात, "देव घेईल हो, त्याला काय. पण मला देववत नाय." दसऱ्याला सगळा बाजार भाव चढवतो तेव्हा हे जुन्या गिऱ्हाइकाला रोजच्याच भावाने देतात, आणि नवीन गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की पाटी झाकून निघून जातात. मला असली माणसं आवडतात. माझंही गणित साधारण असंच आहे, म्हणून बायको आम्हा दोघांना एकाच माळेचे मणी म्हणते.

त्यांच्या मळ्यातली विहीर सामाईक आहे. चुलतभावांत वाटलेली. मल्हारीभाऊंचा तिच्यात चार आणे वाटा, आणि त्या वाट्याचे त्यांचे वार ठरलेले. त्या वारी मोटर त्यांची, पाणी त्यांचं. याला ते बारी म्हणतात. ज्याचा वाटा त्याची बारी. मग तो भाऊ बोलत असो की बोलणं बंद असो. त्यांचा चुलतभाऊ भिकन याने आपला वाटा विकला, तेव्हाही रीत पाळली गेली. वाटा विकला तरी शेवटची बारी विकणाऱ्याची. भिकनच्या रानात तेव्हा पीक नव्हतं, नुसती नांगरट होती. तरी त्याने मोटर चालू केली आणि ढेकळांत पाणी सोडलं. सगळे बांधावर उभे राहिले. कोणी हसलं नाही. हे मल्हारीभाऊंनी मला सांगितलं तेव्हा ते सहज बोलण्याच्या ओघात आलं होतं. पुढे याच रिवाजापायी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाणार होती, हे तेव्हा मला काय ठाऊक!

आता पुस्तकाचं सांगतो.

मल्हारीभाऊंची आई ते अगदी लहान असताना गेली. तिचा फोटो नाही. त्या काळी मळ्यातल्या बाईचा फोटो कोण काढणार? पण शहरातले एक ड्रॉइंग मास्तर सायकलवरून यायचे आणि विहिरीजवळच्या उंबराखाली चित्रं काढत बसायचे. आई त्यांना पाणी द्यायची, कधी भाकरीही. त्या मास्तरांनी मुलांसाठी एक चित्रकथा काढली. 'भिरभिऱ्या' तिचं नाव. भिरभिरं हातात धरून उडणाऱ्या एका पोराची गोष्ट. छापून आल्यावर मास्तरांनी एक प्रत घरी आणून दिली. तिच्यात एका पानावर तो पोरगा यांच्याच विहिरीवरून उडतो, आणि खाली डोक्यावर फुलांची पाटी घेतलेली एक बाई वर बघून हसते आहे. ती बाई म्हणजे आई.

थोरली बहीण साळूबाई हिने आई पाहिलेली. ती रात्री मल्हारीला मांडीवर घेऊन ते पान उघडायची. पुढे वाळवी लागली आणि पुस्तक गेलं. चित्र पाहिलं तेव्हा मल्हारीभाऊ इतके लहान होते, की आपण चित्र पाहिलं एवढंच त्यांना आठवतं. चित्र आठवत नाही.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास त्यांचा मुलगा महेश मोबाइल बघत बसला होता. साळूबाई शेजारी हार ओवत होत्या. त्यांनी एकदम सुई खाली ठेवली.

"थांब रं! मागं घे. ते काय व्हतं?"

जाहिरात होती. कव्हरवर भिरभिरं घेतलेला पोरगा. पहिली आवृत्ती, आजवर सापडलेली एकुलती एक प्रत. एका कंपनीने ती मिळवली होती आणि तिचे हजारो वाटे पाडून ॲपवर विकायला काढले होते. दुर्मिळ अंकाचे मालक व्हा, आजच! असं खाली लिहिलेलं.

दसऱ्याच्या झेंडूचे पैसे हातात होते. मल्हारीभाऊंनी महेशला वाटे घ्यायला लावले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले तेव्हा चेहरा असा फुललेला, की मला वाटलं नात झाली.

"किशोरभाऊ, वाटा घेतला! आता जरा फोन करून इचारा ना, माझी बारी कधी येते ते. लांबची असली तरी चालंल. आक्काचं वय झालंय, एवढंच सांगा त्यांना."

मला हसू आलं नाही. खरं तर येऊ शकलं असतं. पण मला त्यात चूक काहीच दिसली नाही, अजूनही दिसत नाही. वाटा आहे तर बारी आहे. नाहीतर वाटा कशाला म्हणायचं?

मी फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. तिने सांगितलं, "सर, अंक सील केलेला आहे. तो उघडत नाहीत."

"कधी उघडणार?"

"नाही सर, उघडतच नाहीत. तपासून, दर्जा ठरवून कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद केलाय. तो लॉकरमध्ये आहे."

"मग बाहेरून तरी बघता येईल?"

"ॲपवर कव्हरचा फोटो आहे ना सर. झूम होतो."

"आणि आतली पानं?"

"आतल्या पानांचा काही उपयोग नसतो सर."

मी फोन ठेवला नाही, आपटला. पुस्तकाच्या आतल्या पानांचा उपयोग नसतो! उद्या म्हणतील, विहिरीतल्या पाण्याचा उपयोग नसतो, कठडा बघा, झूम करून बघा.

मल्हारीभाऊंना मी सांगितलं तर त्यांना ते खरं वाटेना. म्हणाले, फोनवरच्या पोरीला काय माहीत, मोठ्या माणसाला भेटू. योगायोगाने कंपनीने नाशिकमध्येच, द्वारका चौकातल्या एका हॉटेलात वाटेकऱ्यांचा मेळावा ठेवला होता. मल्हारीभाऊ परीटघडीचं धोतर नेसून आले. साळूबाईंच्या पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेला हार होता.

"हा कोणाला?" मी विचारलं.

"पुस्तकाला," त्या म्हणाल्या. "पयल्या बारीला मोटरीला घालतोच ना आपण."

हॉलमध्ये थंडगार एसी. पडद्यावर भिरभिऱ्याचं कव्हर दोन पुरुष उंच. त्याच्या बाजूला वर चढत जाणारी हिरवी रेघ. सार्थक नावाचा कंपनीचा मोठा साहेब बोलत होता. वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढा, बोलायला फर्डा. जुनी पुस्तकं सोन्यापेक्षा कशी जोरात चढतात ते सांगत होता. लोक मोबाइलवर पडद्याचे फोटो घेत होते. मग त्याने कोणाला काही विचारायचं आहे का म्हटलं आणि मल्हारीभाऊ उभे राहिले. टोपी नीट केली.

"माझा वाटा हाय यात. माझी बारी कधी?"

सार्थकला कळलं नाही. मी उठून समजावलं. यांना पुस्तक बघायचंय. आत यांच्या आईचं चित्र आहे. दुसरं चित्र नाही, फोटो नाही. एकदाच, तुमच्या माणसासमोर. ह्या बहीण, वय झालंय. बास.

सार्थकने छातीवर हात ठेवला. "काय सुंदर गोष्ट आहे! टाळ्या होऊन जाऊ द्या आजोबांसाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगतो, आयुष्यात मला कोणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

"पण आजोबा," तो पुढे म्हणाला, "पेटी उघडली की दर्जा जातो. दर्जा गेला की सगळ्यांचं नुकसान. तुमचंही."

"माझं होऊ द्या."

"तसं एकट्याचं करता येत नाही ना. मालक सगळेच आहेत."

"मग या सगळ्यांनी तरी ते बघितलंय का?" मल्हारीभाऊंनी हॉलकडे हात केला. "कोणी वाचलंय?"

सार्थक हसून म्हणाला, "कोणी वाचलेलं नाही, म्हणून तर इतकं नवंकोरं आहे."

मी काहीतरी बोललो. काय ते इथे लिहीत नाही, बायको वाचेल. शेवटी माझं तोंड बंद करायला म्हणून सार्थकने जाहीर केलं, की ॲपवर मतदान घेऊ. मालकांनी मोठ्या बहुमताने हो म्हटलं तर पेटी उघडू. मग जेवणाची वेळ झाली आणि लोक ताटांकडे गेले. साळूबाईंनी हार कोणाला द्यावा ते न कळून पडद्याच्या खाली, जमिनीवर ठेवला. आम्ही निघेपर्यंत कोणीतरी तो कोपऱ्यात सरकवला होता.

मतदान झालं. मी ओळखीच्या, अनोळखी, सगळ्यांना विनवलं. निकाल काय लागणार ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बऱ्याच मालकांनी मत दिलंच नाही. ज्यांनी दिलं त्यातल्या बहुतेकांनी नाही म्हटलं. एकाने खाली लिहिलं होतं, 'भावना समजू शकतो, पण भावनेने परतावा मिळत नाही.' मला त्या माणसाचा पत्ता हवा होता. ॲपवर पत्ता मिळत नाही. हजारो मालक, आणि भांडायला एकही सापडत नाही! विहिरीवर निदान भाऊ समोर तरी असतो. त्याची कॉलर धरता येते, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे चहाही पिता येतो.

मल्हारीभाऊ मात्र शांत होते. रोज फुलं देत होते. म्हणायचे, "जाऊ द्या किशोरभाऊ. पुस्तक कुठं पळतंय? वाटा हाय ना माझा. आज नाय तर उद्या."

पुस्तक पळालं. परवाच्या संक्रांतीनंतर महेशच्या मोबाइलवर निरोप आला. अभिनंदन! परदेशातल्या एका संग्राहकाने पूर्ण अंक विकत घेतला होता. सगळ्या मालकांच्या खात्यात नफ्यासकट पैसे जमा. फटाके उडतानाचं चित्रही होतं सोबत.

मल्हारीभाऊ सकाळीच माझ्याकडे आले. पाट्या रिकाम्या, फुलं तोडलीच नव्हती.

"इकलं म्हणं."

"हो."

"मला न इचारता?"

"सगळ्यांना विचारलं म्हणतात. ॲपवर."

ते उंबऱ्यातच टेकले. मग म्हणाले, "ठीक हाय. मग त्या साहेबाला लावा फोन. शेवटची बारी माझी. ज्याचा वाटा इकला त्याची. एवढं तरी त्यांच्यात असंल."

या वेळी मी सार्थकचा नंबर मिळवला. स्वतः बोललो. शांतपणे बोललो, शपथ घेऊन सांगतो. विहीर सांगितली, भिकन सांगितला, ढेकळांतलं पाणी सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "काका, पार्सल गेलंसुद्धा. आणि खरं सांगा, आजोबांना एवढा नफा झाला, ते खूश नाहीत का?"

विहिरीवरच्या भावांनी भिकनला मोकळ्या रानातसुद्धा शेवटचं पाणी सोडू दिलं, आणि एवढ्या मोठ्या कंपनीत एका म्हाताऱ्याला एक पान दाखवायची दानत नव्हती. आणि वर हा विचारतो, खूश नाहीत का! नोटा छापताना आम्ही एक बारीक चूक असली तरी ती नोट बाद करायचो. असल्या माणसांना कोण बाद करणार?

संध्याकाळी मला राहवेना. मखमलाबादला गेलो. त्यांचाच वार होता, मोटर चालू होती, शेवंतीच्या वाफ्यांत पाणी चढत होतं. साळूबाई उंबराखाली पोत्यावर बसल्या होत्या. मल्हारीभाऊ फावडं टाकून त्यांच्यासमोर बसले.

"आक्का, जाऊ दे ते. आता तूच सांग. कशी व्हती आई? तू तर पायलीय तिला."

साळूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"मल्हारी, खरं सांगू का रं? मला आईचं तोंड कधीचंच आठवत नाय. मला ते चित्रच आठवायचं. त्याच्यावरूनच सांगायचे मी तुला. अन् आता डोळं मिटलं का त्या हॉटेलातला मोठा पोरगाच दिसतो, भिरभिरंवाला. त्याच्या मागचं काय दिसतच नाय."

मल्हारीभाऊंनी मान हलवली. वाफा भरून पाणी बांधावरून वाहायला लागलं तरी ते उठले नाहीत. शेवटी मीच जाऊन मोटर बंद केली.

परत आलो तेव्हा त्यांनी महेशचा मोबाइल माझ्या हातात दिला.

"किशोरभाऊ, तुमी शिकलेले हायेत. यात ते पैसे परत धाडून पुस्तक माघारी घ्यायचं बटण असंल बघा. असंल तर दाबा."

मी तिथेच, उंबराखाली बसून सगळं ॲप धुंडाळलं. वाटे विकत घ्यायचं बटण पहिल्याच पानावर आहे, मोठं, हिरवं. ते म्हणतात तसलं बटण त्यात नाही.