पल्याडचं रान आणि हौसाक्काची मोटर

मोटर चालू करायच्या आधी हौसाक्का तिच्या पाठीवर दोन थापा मारायची आणि विचारायची, "काय चंद्रे, झोप झाली का?" चंद्री हे खरं तर तिच्या म्हशीचं नाव. म्हैस म्हातारी होऊन गेली आणि ते नाव नावेच्या मागं अडकवायच्या एका जुन्या, सेकंडहँड मोटरीला मिळालं. नाव बदललं नाही, तसा आक्काचा वागण्याचा रिवाजही बदलला नाही. उन्हात ठेवायची नाही, उपाशी ठेवायची नाही आणि तिच्यादेखत तिला नावं ठेवायची नाहीत.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, शिरोळच्या अंगाला. हौसाक्का माझी शेजारीण. मी कागलच्या एमआयडीसीत नोकरी करणारा आणि पाण्याला भिणारा माणूस. नदीकाठी जन्मून पोहता न येणारा गावात मी एकटाच, हे आक्का आल्यागेल्याला कौतुकानं सांगायची. तरीही सुट्टीच्या दिवशी ती मला नावेत घालून न्यायचीच. मागं मोटरीचं वजन आणि तिथंच आक्काचं, त्यामुळं नावेचं तोंड वर उचलायचं. "तू म्होरं बस. काय करू नगंस. निस्तं बसायचं काम तुला जमतंय," असं म्हणून ती मला पुढच्या टोकाला, तिच्याकडं तोंड करून बसवायची. माझ्या आयुष्यात माझ्या वजनाची एवढी कदर दुसऱ्या कुणी केलेली नाही.

तिचं रान नदीपल्याड होतं. थोडं चाऱ्याचं कडवाळ, थोडी वांगी आणि बांधाला एक करंजाचं झाड. तिचे मालक होते तेव्हा गूळ करायच्या काहिलीत बसून दोघं पलीकडं जायचे. ते गेल्यावर आक्का एकटी नाव वल्हवायला लागली. पुढं खांदा धरला, गुडघे बोलायला लागले. इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या कारखान्यात असलेला तिचा मुलगा संजय म्हणाला, "आई, आता बास. तुला काय झालं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. ते रान इकून टाकू." आक्कानं त्याला जेवायला वाढलं. चार दिवसांनी मला म्हणाली, "मालवणला जायचं हाय. रजा टाक."

मालवणात एका मच्छीमारानं मोठं इंजिन घेतलं होतं, त्याची जुनी मोटर विकायला निघाली होती. आक्कानं ती पाहिली ती बाजारात म्हैस बघावी तशी. सगळ्या बाजूंनी फिरली, खाली वाकून पंख्याची पाती चाचपली, मग मोटरीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मोटर गरम होती, आणि तापलेली मोटर कुणाच्याही हातानं लगेच चालू होते. "पावणं, मशीन तापवून ठेवलीयासा व्हय? आमच्याकडं बाजारात म्हस तुंबवून आणत्यात, कास मोठी दिसावी म्हणून. आमी बी तसल्याच गावचं हाय. आता गार हुस्तवर बसतो आनि मग चालू करून दावा." आणि खरंच ती तिथं माडाखाली पाय पसरून बसली. त्यानं चहा आणला, तो प्यायली. मोटर गार झाल्यावर त्यानं दोरी ओढली. चंद्री खोकली, रुसली, पण शेवटी चालू झाली. मच्छीमार हसला आणि म्हणाला की अशी गिऱ्हाईक बाई त्यानं पाहिली नव्हती.

मासळीच्या रिकाम्या टेम्पोतून आम्ही ती घरी आणली. पुढं महिनाभर तिला बांगड्याचा वास येत होता. आक्काचा सोमवार कडक, त्यामुळं त्या महिन्यात सोमवारी चंद्रीला सुट्टी असायची. बाकीच्या दिवशी आक्का चिंचेच्या कोळानं तिला घासत बसायची.

मग माझं शिक्षण सुरू झालं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, टाकीच्या नळीवरचा रबरी गोळा घट्ट होईपर्यंत दाबायचा, चोक ओढायचा, मग दोरी. मी जीव खाऊन दोरी ओढायचो आणि मोटर ढिम्म. "हिसका मारू नगंस. मागितल्यासारखं वड. वरडणाऱ्याला म्हस बी दूध देत न्हाय." चालू झाली की ती मागं वाकून बघायची. मोटर थंड ठेवायला पाणी आत घेते आणि बारीक धारेनं बाहेर टाकते. ती धार दिसली की आक्का साऱ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "मुतली गं बाई! आता काळजी न्हाय."

पहिल्याच दसऱ्याला घोटाळा झाला. खंडेनवमीला घरातल्या विळ्याखुरप्यांबरोबर चंद्रीचीही पूजा झाली. आक्कानं हळदीकुंकवात हात राखला नाही. दुसऱ्या दिवसापासून मोटर झकास चालू व्हायची आणि नदीच्या मध्यावर जाऊन बंद पडायची. रोज तिथंच. गावात कुणी म्हणालं डोहाची नजर लागली, कुणी लिंबू उतरायला सांगितलं. आक्कानं लिंबू उतरलं आणि त्याचं सरबत करून प्यायली. शेवटी पेट्रोल किती उरलंय बघायला तिनं टाकीचं झाकण सैल केलं आणि फुस्स असा आवाज झाला. टाकीत हवा जायला झाकणावर एक बारका स्क्रू असतो, त्याचं भोक ओल्या हळदीनं गच्च बुजलं होतं. हवा नाही म्हणून पेट्रोल येत नव्हतं. "मीच नरडं दाबलं की गं तुजं," म्हणून तिनं चंद्रीची माफी मागितली, अगदी कान धरून.

त्या रानात असं काय होतं, हे मी तिला एकदा विचारलं. करंजाखाली आम्ही भाकरी खात होतो. ती म्हणाली, "अल्याड माजं समदं वाटून झालंय. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची आजी. हितं आलं की मी निस्ती हौसा. वांगं बी मला काय इचारत न्हाय." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "संज्या इकतो म्हणला तर मी आडवी जाणार न्हाय. पोरगं भितंय माज्यापायी. खोटं न्हाय त्याचं." मला तेव्हा तिचा राग आला. साऱ्या जगाशी भांडणारी ही बाई पोटच्या पोरापुढं मात्र गप्प बसत होती.

संजयनं गिऱ्हाईक आणलंच. कोल्हापूर शहरातले एक बांधकामवाले गृहस्थ, त्यांना नदीकाठी फार्महाऊस बांधायचं होतं. पलीकडून गाडीवाट होती, पण आक्का म्हणाली, "वळसा कशाला? नावंतनं नेते की." मी पुढं, पावणे मधे, त्यांच्या मागं टाकीपाशी संजय आणि शेवटी आक्का. निघताना पदर खोचायच्या निमित्तानं ती वाकली आणि अंगठ्यानं झाकणावरचा तो स्क्रू तिनं पिळून बंद केला. मी तिच्याकडं तोंड करूनच बसलो होतो. माझ्याकडं बघून तिनं डोळे असे वटारले की मी थेट आभाळाकडं बघायला लागलो.

बरोबर मध्यावर चंद्री बंद पडली. संजय घामाघूम होऊन रबरी गोळा दाबायला लागला. नाव संथपणे वाहत होती आणि पावण्यांनी दोन्ही हातांनी फळी धरली होती.

"मावशी, इथं पाणी किती वर येतं पावसाळ्यात?"

"त्यो करंज दिसतोय न्हवं? त्याचा शेंडा उघडा राह्यला तर आमी म्हणतो, औंदा पूर बेताचा हाय."

"आणि मगरी वगैरे?"

"हाय की एक. पण गरीब हाय. माणसाच्या वाटंला जात न्हाय."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पावण्यांनी रान न बघताच परत न्यायला सांगितलं. आक्कानं स्क्रू सैल केला, दोन थापा मारल्या आणि चंद्री पहिल्या ओढीत चालू झाली. काठाला लागल्यावर गृहस्थ चहालाही थांबले नाहीत. संजयनं नंतर दुसरं गिऱ्हाईक आणलं नाही, आणि आक्का रोज पलीकडं जात राहिली.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. साधा ताप आला, दवाखान्यात नेली आणि तिथंच संपलं. मी रडलो, आणि त्याची मला लाज वाटली नाही. दिवस-कार्य उरकल्यावर संजय म्हणाला, "दादा, पल्याड जाऊन येऊ या." मी पुढं बसलो. त्यानं गोळा दाबला, चोक ओढला आणि दोरी अगदी मागितल्यासारखी ओढली.

करंजाखाली बसल्यावर मी विचारलं, "आता विकणार का रे?"

त्यानं वांग्याचं एक किडकं पान खुडलं. मग म्हणाला, "त्या दिवशी टाकी माज्या पायापाशीच हुती, दादा. आईनं स्क्रू पिळलेला मला दिसला हुता."

"मग उघडला का नाहीस?"

"इकू नगंस म्हणून ती कधी तोंडानं बोलली न्हाय. त्या दिवशी बोलली. मग मी गोळाच दाबत बसलो. चिपाड झाला हुता तरी दाबत बसलो."

"तिला सांगितलंस कधी?"

संजय हसला आणि त्यानं डोळे पुसले. "कशाला? शेवटपतोर साऱ्या गावाला सांगायची, आमच्या संज्याला मशीनीतलं काय बी कळत न्हाय."